दारू न पिणाऱ्या उंदराचे लिव्हर

सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असे लिहून आले की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती पितो?’ पुरुष असेल तर घरचे त्याच्याकडे संशयाने बघतात. बाई असेल तर ती रिपोर्ट गादीखाली सारून मोकळी होते. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केलेली, जन्मात दारूला न शिवलेली बाई सख्ख्या जावेलाही सांगत नाही, कारण ‘लिव्हर’ म्हटले की ‘दारू’ हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. त्याला कारणही आहे. दारूने फुगलेली पोटे, पिवळे पडलेले डोळे आणि उघड्यावर आलेले संसार आपण चाळीचाळींत पाहिले आहेत.

पण लाजेने लपवलेल्या रिपोर्टवर उपचार होत नाही. नर्स म्हणून वॉर्डात आणि नंतर वस्तीवस्तीत आरोग्याचे काम करताना मी पाहते आहे, की लिव्हरची चरबी ही आता फक्त पिणाऱ्यांची गोष्ट राहिलेली नाही. ती ताटाची, चहाच्या कपाची आणि बसून काढलेल्या पाळीची गोष्ट आहे. हे पटवून द्यायला आज एक साक्षीदार आणते आहे. तो दारू पीत नाही, तंबाखू खात नाही आणि खोटेही बोलत नाही. तो म्हणजे प्रयोगशाळेतला उंदीर.

कलेजीचा रंग

आधी लिव्हर समजून घेऊ. मटणाच्या दुकानातली ताजी कलेजी डोळ्यांसमोर आणा. गडद तांबडी, गुळगुळीत, कडेला धारदार. माणसाचे निरोगी लिव्हर, म्हणजे यकृत, असेच असते. उजव्या बरगड्यांखाली त्याची जागा. आतड्याने शोषलेली साखर पहिल्यांदा याच गोदामात उतरते. गरजेपुरती साखर रक्तात सोडली जाते, थोडी साठवली जाते आणि उरलेल्या साखरेची लिव्हर चरबी बनवते. ही चरबी बाहेर पाठवण्याचे कामही त्याचेच. रोज गरजेपेक्षा जास्त माल येऊ लागला, की तो गोदामातच थप्पी लावून बसतो. लिव्हरच्या शंभर पेशींपैकी पाचांहून जास्त पेशींत चरबी दिसली, की डॉक्टर त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. असे लिव्हर पिवळट, फुगीर आणि कडेने बोथट दिसते.

बहुतेकांचा आजार इथेच थांबतो. काहींच्या लिव्हरला मात्र सूज येते, सुजेतून व्रण पडतात, व्रण वाढून लिव्हर दगडासारखे घट्ट होते. तो सिरॉसिस. पुढे कॅन्सरही होऊ शकतो. या वाटेवर वर्षानुवर्षे काही दुखत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. या आजाराच्या जुन्या नावातच ‘दारूविना’ असा अर्थाचा शब्द होता. २०२३ साली जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांनी नाव बदलले आणि साखर, वजन, रक्तदाब यांच्या बिघाडाशी ते थेट जोडले.

उंदराला काय वाढले

परळकरांना प्रयोगाचे प्राणी नवे नाहीत. हाफकिन संस्था १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आहे. प्लेगच्या लशीपासून सर्पदंशाच्या औषधापर्यंत तिथे जे काम झाले, ते प्राण्यांवाचून झालेच नसते. फॅटी लिव्हरच्या अभ्यासात मात्र उंदराला सुई टोचून आजार दिला जात नाही, तो जेवणातून दिला जातो. माणसाला वर्षभर एकाच ताटावर बसवता येत नाही आणि दर महिन्याला त्याच्या लिव्हरचा तुकडाही काढता येत नाही. उंदराच्या बाबतीत शास्त्रज्ञ दाणा न् दाणा मोजून देतात आणि शेवटी लिव्हर उघडून पाहतात.

पहिला प्रयोग तेलातुपाचा. नेहमीच्या दाण्याऐवजी उंदराला असे खाद्य देतात, ज्यातली सुमारे साठ टक्के ऊर्जा चरबीतून येते. काही आठवड्यांतच तो लठ्ठ होतो, रक्तातली साखर वाढते आणि लिव्हरमध्ये चरबीचे थेंब दिसू लागतात.

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातला, २००८ साली प्रसिद्ध झालेला. तिथल्या डॉक्टरांनी उंदरांना वनस्पती तुपात असते तसली ट्रान्स फॅट असलेले खाद्य दिले. पाण्याच्या बाटलीत कोल्ड्रिंकमध्ये वापरतात ती साखर मिसळली. आणि आणखी एक गोष्ट केली. पिंजऱ्याच्या वर जी जाळी असते, जिच्यावर उंदीर दिवसभर चढउतार करतात, ती काढून टाकली. म्हणजे खाणे वाढवले, गोड पाणी दिले आणि हालचाल बंद केली. सोळा आठवड्यांत त्या उंदरांच्या लिव्हरमध्ये चरबी भरली आणि सूजही आली. दारूचा एक थेंब नाही.

तिसरा प्रयोग याच्या उलट आहे. खाद्यातून मेथिओनिन आणि कोलीन हे दोन पोषक घटक काढून घेतात. लिव्हरमधली चरबी बाहेर पाठवायला एक वेष्टन लागते, जसे दूध पाठवायला पिशवी लागते. ते वेष्टन बनवायला कोलीन लागते. ते मिळाले नाही, की चरबी तयार होते पण बाहेर जात नाही. हा उंदीर वाळत जातो, वजन घटते, आणि लिव्हर मात्र चरबीने व सुजेने भरते. माणसाच्या जेवणातून कोलीन असे पूर्ण नाहीसे होत नाही, म्हणून हा प्रयोग आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. पण एक गोष्ट तो ठणकावून सांगतो. वरून बारीक दिसणाऱ्या शरीरातही लिव्हर चरबीने भरलेले असू शकते.

पिंजरा ओळखीचा वाटतो का?

लालबाग-परळच्या गिरणीत आपले आजोबा-वडील साच्यांवर आठ तास उभे असायचे. पाळीला चालत जायचे, चालत यायचे. वडापाव तेव्हाही खाल्ला जायचा, पण तो खाऊन माणूस पुन्हा साच्यापाशी उभा राहायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या. आज त्याच जागांवरच्या टॉवरच्या गेटवर आपली मुले बारा-बारा तास खुर्चीत बसून सिक्युरिटीची ड्युटी करतात. कुणी दिवसभर रिक्षा-टॅक्सीत बसून, कुणी कॉम्प्युटरसमोर. चालायला फूटपाथ मोकळा नाही, मुलांना खेळायला मैदान नाही. उंदराच्या पिंजऱ्यावरची जाळी काढली, ती अशी.

आणि पाण्याची बाटली? दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे जवळजवळ पन्नास ग्रॅम साखर फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. कोल्ड्रिंकची पाव लिटरची एक बाटली ती मर्यादा एकटीच संपवते. पोरगा उपाशी शाळेत जाऊ नये म्हणून आई त्याला चहा-खारी, चहा-पाव देते. त्यात साखर आणि मैदा आहे, पोट भरल्यासारखे वाटते, पण त्यात प्रथिने नावालाच. गाडीवरचे तेल दिवसभर उकळत असते. कारखान्यातल्या तेलातुपात ट्रान्स फॅट दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा नियम जानेवारी २०२२ पासून देशात लागू आहे. मात्र कढईत पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलावर आपणच लक्ष ठेवायला हवे.

यात आईला दोष देण्यासारखे काही नाही. पंचवीस रुपयांत चार पोटे गप्प करायची असतील तर बाजारात मैदा, साखर आणि तेलच स्वस्त मिळते. उंदराचे ताट शास्त्रज्ञ ठरवतो. आपले ताट पगार, रेशन आणि पाण्याची वेळ ठरवते.

बारीक अंग, भरलेले पोट

‘मी तर काडीसारखी, मला कशी चरबी?’ हा प्रश्न बायका हमखास विचारतात. त्याचे उत्तर पुण्याहून आले आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा सारखे वजन दाखवतो, आतला माल वेगळा असतो.

याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मापे इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. आईच्या पोटात कमी मिळाले, तर बाळ मिळेल ते चरबीच्या रूपात राखून ठेवते.

ही गोष्ट किती पिढ्या मागे जाते, हेही पुण्यातल्या एका प्रयोगाने दाखवले. रॅट म्हणजे मोठ्या जातीच्या पांढऱ्या उंदरांचा एक वंश पन्नास पिढ्या अपुऱ्या पोषणावर ठेवला होता. त्यांची पिल्ले कमी वजनाची, पोटात चरबी जास्त, इन्सुलिनला दाद न देणारी आणि मधुमेहाकडे झुकलेली निघाली. त्यांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्वही कमी होते. मग पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर चांगले खाद्य दिले. तरीही बिघाड पुरता गेला नाही. हे संशोधन २०१५ साली डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. पोटातली चरबी आणि न चालणारे इन्सुलिन, याच दोन वाटांनी माणसाचे लिव्हर चरबीने भरते.

हे वाचताना मला गावकुसाबाहेरच्या आपल्या पणज्या आठवतात. ज्यांना धान्य मजुरी म्हणून मापटेभर मिळायचे आणि तेही मालकाच्या मर्जीवर, त्यांचे नातू आज शहरात चहा-पाव, बिस्किट आणि तळलेले खात आहेत. उपाशी पिढ्यांनी घडवलेल्या शरीरावर स्वस्त साखरेचा मारा होतो आहे. हा भोग नाही, नशीब नाही. भूक कुणावर आणि का लादली गेली, त्याचा हा शरीरात उतरलेला हिशेब आहे. आणि उंदीर पिंजरा बदलू शकत नाही, माणूस बदलू शकतो.

माणसांची आकडेवारीही हेच सांगते. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ज्यांना फॅटी लिव्हर सापडले, त्यांतल्या पंचाहत्तर टक्के लोकांचा बीएमआय पंचवीसच्या आत होता. आपल्या मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर आणि सहकाऱ्यांनी रेल्वेच्या दोन वसाहतींतल्या रहिवाशांची तपासणी केली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. साधारण सहा माणसांमागे एकाला, दारूशी संबंध नसलेले फॅटी लिव्हर निघाले. ही रेल्वे कर्मचाऱ्यांची कुटुंबे होती, बंगल्यातली नव्हेत. हेच डॉ. अमरापूरकर २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात एल्फिन्स्टन रोडजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. त्यांचे काम आपल्या उपयोगी पडावे.

उंदीर जे सांगू शकत नाही

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदीर जेमतेम दोन-तीन वर्षे जगतो, माणसाचे लिव्हर बिघडायला दहा-वीस वर्षे लागतात. तेलकट खाद्यावरच्या उंदराचे लिव्हर चरबीने भरते, पण त्यात माणसासारखे घट्ट व्रण सहसा पडत नाहीत. म्हणूनच उंदरांत गुण दाखवणारी कितीतरी औषधे माणसांत फसली. या आजाराच्या सुजेसाठीचे पहिले औषध अमेरिकेत मंजूर व्हायला मार्च २०२४ उजाडले. तेव्हा ‘उंदरांवर सिद्ध झालेले लिव्हर टॉनिक’, ‘लिव्हर साफ करणारा काढा’ अशी जाहिरात दिसली की खिशावर हात ठेवा. काढा म्हणजे निर्धोक, असेही नाही. गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. पण ज्याचे लिव्हर आधीच दुखावलेले आहे, त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय कुठलाही काढा घेऊ नये, एवढे शहाणपण आपल्याकडे हवे.

आणखी एक. प्रयोगात कुणाचे ताट मांडले जाते, हेही पाहावे लागते. ताट बदलून उंदीर पाहण्याची रीत आपल्या देशात शंभर वर्षांची आहे. १९२० च्या दशकात कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरने एकाच पैदाशीच्या उंदरांचे सात गट केले आणि त्यांना शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी जेवण दिले. पोळी, दूध, डाळ, भाजी खाणारा शीख गटातला उंदीर सरासरी २३५ ग्रॅमचा झाला, मराठा गटातला २२५, मद्रासी गटातला १५५ ग्रॅमचा. त्याच्या आधी तीसेक वर्षांपूर्वी इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ अशी यादी करून महारांची सैन्यभरती बंद केली होती. इथे उंदीर सगळे एकाच रक्ताचे, फरक पडला तो ताटाने. जन्माने कुणी दणकट किंवा दुबळा नसतो, हे त्या मुक्या जिवांनी दाखवले. पण त्या सात गटांत गावकुसाबाहेरच्या चुलीवर शिजणाऱ्या जेवणाचा गट नव्हता.

पंचशील पाळणाऱ्या घरात एक प्रश्न नक्की येईल, की यासाठी उंदीर मारावेत का? प्रश्न रास्त आहे. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांना संस्थेतल्या नीती समितीची परवानगी घ्यावी लागते. प्राण्यांविना भागत असेल तर त्यांना वापरू नये, वापरले तर कमीत कमी आणि कमीत कमी वेदना देऊन, हे तत्त्व जगभर मानले जाते. आपल्या हातात एवढे आहे, की त्या जिवांनी दिलेले ज्ञान वाया जाऊ द्यायचे नाही.

आपण काय करायचे

कंबर मोजा. शिवणकामाची टेप बेंबीच्या पातळीवर फिरवा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषाची ९० च्या वर असेल, किंवा घरात मधुमेह असेल, तर महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन साखर, रक्तदाब आणि लिव्हरची तपासणी करा. एसजीपीटी नॉर्मल आली तरी चरबी असू शकते. रिपोर्टवर फॅटी लिव्हर आले असेल तर डॉक्टरला सरळ विचारा, ‘माझा फिब-४ किती येतो?’ वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावरून हा आकडा निघतो, त्याला वेगळा खर्च नाही. तो १.३ च्या वर असेल तर पुढची तपासणी लागते. पासष्टीच्या पुढच्यांसाठी ही रेघ २ वर आहे.

ताटात भाकरी, डाळ, मोडाची मटकी, पालेभाजी, अंडे आणि मासळी वाढवा. सुकट-बोंबील स्वस्त आणि चांगले, फक्त मीठ जपून. चहाची साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत आणा, जिभेला कळणारही नाही. कोल्ड्रिंक घरात आणू नका. तेल माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटरच्या आत. तळलेले तेल पुन्हा तळायला वापरू नका. रोज अर्धा-पाऊण तास जोरात चाला. दोन स्टॉपचे अंतर असेल तर बस सोडा.

क्युबातल्या डॉक्टरांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २९३ रुग्ण वर्षभर कमी खाऊन आणि चालून होते. ज्यांनी वजन दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरवले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या लिव्हरची सूज गेली. सत्तर किलोच्या माणसासाठी दहा टक्के म्हणजे सात किलो. मुळात बारीक असणाऱ्याला तीन ते पाच टक्क्यांनीही फरक पडतो. उपास करून नव्हे, सावकाश. आणि दारू पीत असाल तर ती थांबवाच. चरबीच्या लिव्हरवर दारू म्हणजे आगीत रॉकेल.

काही गोष्टी एकट्या घराच्या नाहीत. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये हा आजार मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तेव्हा आपल्या दवाखान्यात त्याची तपासणी मागणे हा हक्क आहे, उपकार नाही. राज्याने नोव्हेंबर २०२३ पासून शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून ते लोकसहभागावर सोडले. अंड्यात प्रथिने आहेत, कोलीन आहे आणि बी-१२ आहे, जे भाजी-भाकरीत मिळत नाही. आपल्या मुलांच्या ताटातले ते एक अंडे परत मिळावे, यासाठी महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठराव करा आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे द्या.

आणि आज घरी गेल्यावर पहिले काम. गादीखालचा रिपोर्ट बाहेर काढा, त्यावरची तारीख पाहा आणि या आठवड्यात तो घेऊन डॉक्टरकडे जा. कुणी विचारले ‘किती पितेस?’ तर सांगा, ‘पाच कप चहा प्यायचे, आता दोन पिते.’